तयार संगणक घेताना ड्राइव्ह कसा पारखायचा: इंदूरच्या बाजारासाठी पायरीपायरीने

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवरच्या दुकानात तयार डेस्कटॉपवर लावलेली चिठ्ठी नीट वाचा. प्रोसेसरचं नाव पिढीसकट दिलेलं असतं. रॅम किती आणि कोणत्या प्रकारची, तेही असतं. ड्राइव्हच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या भागाच्या, जागी मात्र नुसतं '१ टीबी' किंवा '५१२ एसएसडी' एवढंच लिहिलेलं असतं. 'एसएसडी' (फिरणाऱ्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह) या एका शब्दामागे पाच वर्षं बिनतक्रार चालणारा वेगवान ड्राइव्ह असू शकतो आणि पन्नास जीबी कॉपी करताना हार्ड डिस्कपेक्षाही हळू होणारा ड्राइव्हही असू शकतो. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून तयार संगणकात काटकसर पहिल्यांदा इथेच होते.

रामबाग-लोकमान्यनगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे असोत की पुण्या-नाशिकहून शिकायला किंवा नोकरीला इंदूरला आलेले, पहिला संगणक घेणाऱ्या प्रत्येकाला ही तपासणी स्वतः करता येते. यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. मॉडेल नंबर मागायचा, तीन-चार आकडे पाहायचे आणि ते बिलावर उतरवून घ्यायचे.

सोबत काय न्यावं

- ६४ जीबीचा यूएसबी ३ पेनड्राइव्ह, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही.
- पेनड्राइव्हमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारा) आणि क्रिस्टलडिस्कमार्क (वेग मोजणारा) या दोन मोफत प्रोग्रामच्या पोर्टेबल आवृत्त्या. त्या इन्स्टॉल कराव्या लागत नाहीत, त्यामुळे दुकानदाराची हरकत सहसा नसते.
- साधारण २० जीबीचा एक फोल्डर. त्यात निम्मे मोठे व्हिडिओ आणि निम्मे हजारो छोटे फोटो असावेत.
- इंटरनेट असलेला मोबाइल, मॉडेल नंबर जागच्या जागी शोधायला.
- निदान दोन दुकानांची लेखी कोटेशनं.
- धंद्यासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांक. विद्यार्थी सवलत हवी असेल तर कॉलेजचं ओळखपत्र.

१. आधी काम, मग क्षमता

विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबीची आहे, पण त्या आकड्यावर विसंबू नका. विंडोज, त्याचे अपडेट आणि ऑफिस एवढ्यातच ६० ते ८० जीबी सहज जातात. १२८ जीबीचा ड्राइव्ह सहा महिन्यांत लाल पट्टी दाखवू लागतो. टॅली, बँकेची कामं, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास यांना २५६ जीबी चालतं, पण ५१२ घेतलं तर पुढची काळजी मिटते.

फोटो-व्हिडिओचं काम असेल तर हिशेब वेगळा. १०० मेगाबिटच्या दराने केलेलं फोर-के चित्रीकरण तासाला ४५ जीबी जागा घेतं. एका लग्नाचे दोन हजार रॉ फोटो ६० ते १०० जीबी होतात. एवढं सगळं एसएसडीवर साठवणं महाग पडतं. अशा वेळी विंडोज आणि चालू काम ५०० जीबी किंवा १ टीबीच्या एसएसडीवर ठेवावं आणि झालेली कामं २ ते ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क आजही उत्तम कोठार आहे. विंडोज चालवण्यासाठी मात्र ती घेऊ नका.

एसएसडी कधीच काठोकाठ भरायची नसते, पंधरा-वीस टक्के जागा मोकळी हवी. म्हणजे आज ४०० जीबी लागत असेल तर ५१२ सुद्धा काठावरच आहे असं समजा.

२. चिठ्ठीवरचे शब्द ओळखा

*हार्ड डिस्क.* फिरणारी तबकडी. डेस्कटॉपमधली साडेतीन इंची बहुधा ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे), लॅपटॉपमधली अडीच इंची बहुधा ५४०० ची. काही छोट्या डेस्कटॉपमध्येही लॅपटॉपचीच डिस्क बसवलेली असते, ते विचारून घ्या.

*साटा एसएसडी.* साटा ही हार्ड डिस्कही जिने जोडतात ती जुनी वाट. अडीच इंची डबीच्या आकारात किंवा एम डॉट टू पट्टीच्या आकारात येते. साटाच्या वाटेची मर्यादा सेकंदाला ६०० एमबी आहे, प्रत्यक्षात ५५० च्या आसपास मिळतं.

*एनव्हीएमई एसएसडी.* हीसुद्धा एम डॉट टू पट्टीच, पण पीसीआय एक्सप्रेस या जास्त वेगवान वाटेने चालणारी. तिसऱ्या पिढीची चार लेनची (समांतर वाहिन्यांची) पट्टी सुमारे ३५०० एमबीपर्यंत जाते, चौथ्या पिढीची ७००० पर्यंत.

इथला नेहमीचा सापळा असा, की 'एम डॉट टू' हे फक्त आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. '२२८०' म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, बाकी काही नाही. 'एम डॉट टू एसएसडी' असं सांगून साटा पट्टी एनव्हीएमईच्या भावात खपवली जाऊ शकते. म्हणून प्रश्न नेमका विचारा: एनव्हीएमई आहे की साटा?

*ईएमएमसी.* अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची ही चिप मदरबोर्डवर डाख देऊन पक्की बसवलेली असते, त्यामुळे बदलता येत नाही. चिठ्ठीवर 'फ्लॅश स्टोरेज' असं मोघम लिहिलेलं असेल तर हीच शंका घ्या. कितीही स्वस्त असली तरी मुख्य संगणकासाठी ती घेऊ नये.

*ऑप्टेन मेमरी.* २०१८-१९ च्या संगणकांवर '१ टीबी अधिक १६ जीबी ऑप्टेन' असं लिहिलेलं दिसतं. ही १६ जीबी रॅम नव्हे आणि एसएसडीही नव्हे, हार्ड डिस्कला जोडलेला कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी वेगवान जागा, आहे. इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेनचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. जुन्या मालात असा संगणक मिळाला तर त्याचा भाव साध्या हार्ड डिस्कवाल्या संगणकाएवढाच धरा.

३. वेगाचे कोणते आकडे खरे

खोक्यावर छापलेला मोठा आकडा सलग वाचनाचा असतो. एकच मोठी फाइल सरळ वाचली तर सेकंदाला किती एमबी, एवढंच तो सांगतो. पण विंडोज सुरू होताना, टॅली उघडताना किंवा ब्राउझरमध्ये वीस टॅब असताना संगणक एक मोठी फाइल वाचत नसतो. चार-चार केबीचे हजारो तुकडे तो डिस्कवरून इकडून-तिकडून गोळा करत असतो. रोजचा वेग या तुकड्यांवर ठरतो.

हार्ड डिस्क इथे का हरते ते हिशेबानेच पाहा. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. टोक योग्य वर्तुळावर न्यायला आणखी ८-९. एका तुकड्याला १३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला पाऊणशे तुकडे होतात आणि चार केबीच्या हिशेबाने जेमतेम ३०० केबी. तीच डिस्क सलग वाचताना १५० ते २०० एमबी देते. ५४०० च्या डिस्कमध्ये हे याहून कमी.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिला एक तुकडा द्यायला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ लागतो, म्हणून साधी साटा एसएसडीसुद्धा अशा तुकड्यांत २५ ते ४० एमबी देते. सलग वेगात ती हार्ड डिस्कच्या तीन-चार पट, पण तुकड्यांत शंभर पटींच्या आसपास.

आता साटा आणि एनव्हीएमई यांची तुलना करा. सलग वेग ५५० वरून ३५०० वर जातो, म्हणजे सहा पटींहून जास्त. तुकड्यांचा वेग मात्र ३५ वरून ५०-६० वर, फार झालं तर दुपटीपर्यंत. हार्ड डिस्क सोडून कोणतीही बरी एसएसडी घेतली की फरक डोळ्यांना दिसतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलं की तो मोजावा लागतो. तिसऱ्या पिढीवरून चौथ्यावर गेल्याचं घर-ऑफिसच्या कामात कळतही नाही. चौथ्या पिढीसाठी जादा पैसे मागत असतील तर तेच पैसे रॅममध्ये घाला, ८ ची १६ करा.

मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्यांना मात्र सलग वेगही कामाचा आहे, त्यांनी एनव्हीएमईच घ्यावी.

४. मॉडेल नंबर मागा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. कंपनीचं नाव पुरेसं नाही, कारण एकाच कंपनीचे चांगले आणि हलके असे दोन्ही ड्राइव्ह बाजारात असतात. दुकानदाराला सरळ म्हणा: "भैया, एसएसडी का पूरा मॉडल नंबर बता दो।" मग तो नंबर मोबाइलवर शोधून कंपनीच्या माहितीपत्रकात पुढच्या गोष्टी पाहा.

*टीएलसी की क्यूएलसी.* हे एसएसडीतल्या चिपचे प्रकार. टीएलसीत चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवतात, क्यूएलसीत चार. बिट जास्त असले की माल स्वस्त होतो, पण लिहिण्याचा वेग आणि आयुष्य दोन्ही घटतात. हे झाकायला ड्राइव्हमधली काही जागा वेगवान कॅशे म्हणून वापरतात. कॅशे भरेपर्यंत सगळं झकास चालतं. एकदा भरला की क्यूएलसी ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास उतरू शकतो, म्हणजे चांगल्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी. हा कॅशे मोकळ्या जागेतूनच काढलेला असतो. त्यामुळे दुकानात रिकामा असलेला ड्राइव्ह छान पळतो आणि घरी ऐंशी टक्के भरल्यावर रडवतो. पत्रं लिहिणाऱ्याला याचा कधी त्रास होणार नाही. रोज पन्नास-शंभर जीबीचे फोटो उतरवणाऱ्याने क्यूएलसी टाळावी.

*टीबीडब्ल्यू.* वॉरंटीत किती टेराबाइट लिहिता येतील त्याचा हा आकडा. घरगुती वापरात तो ओलांडला जात नाही. रोज ३० जीबी लिहिले तरी १५० टीबीडब्ल्यूचा ड्राइव्ह ५००० दिवस, म्हणजे तेरा वर्षांहून जास्त पुरतो. पण ड्राइव्हची प्रत ओळखायला हा आकडा फार उपयोगी आहे. सॅमसंग ९७० इव्हो प्लस ५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू देते, क्रुशियल पी३ ५०० जीबीला ११०. पहिला टीएलसी, दुसरा क्यूएलसी. माहितीपत्रकात पेशीचा प्रकार लपवलेला असला तरी ५०० जीबीमागे ३०० च्या आसपास दिसलं तर माल चांगला, १५० च्या खाली दिसलं तर हलका, असा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

*डीरॅम.* महागड्या एसएसडीत स्वतःची छोटी रॅम असते. स्वस्त एनव्हीएमईत ती नसते, पण त्या संगणकाची थोडी रॅम उसनी घेऊन काम भागवतात आणि ते ठीक चालतं. डीरॅम नसलेल्या साटा एसएसडीला ही सोय मिळत नाही. त्या भरत आल्या की अडखळतात.

*हार्ड डिस्कमध्ये एसएमआर की सीएमआर.* एसएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे मधली एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. सीएमआरमध्ये त्या एकमेकींवर चढत नाहीत. २०२० मध्ये कळलं, की काही नामांकित कंपन्या न सांगता एसएमआर डिस्क विकत होत्या. तेव्हापासून त्या कंपन्या मॉडेलनिहाय याद्या देतात. सीगेट बाराकुडाची १ टीबीची एसटी१०००डीएम०१० सीएमआर आहे, २ टीबीची एसटी२०००डीएम००८ एसएमआर. दोन्हींवर बाराकुडाच लिहिलेलं असतं. एकदा भरून ठेवायच्या कोठारासाठी एसएमआर चालते, सतत बदलणाऱ्या कामासाठी नाही.

मोठ्या कंपन्यांच्या पेटीबंद संगणकांत आणखी एक गोष्ट होते. खोक्यावर '५१२ जीबी एनव्हीएमई' असतं, पण आत कोणाचा ड्राइव्ह निघेल ते त्या खेपेवर ठरतं. सॅमसंगचा पीएम९९१ए, वेस्टर्न डिजिटलचा एसएन७४०, एसके हायनिक्सचा बीसी७११ किंवा मायक्रॉनचा २२१०, यांतला कोणताही निघू शकतो. यांतला २२१० क्यूएलसी आहे, एसएन७४० चौथ्या पिढीचा वेगवान. म्हणून मित्राच्या तशाच संगणकावरून निर्णय घेऊ नका, तुमच्या पेटीतला पाहा.

५. किमतीचा हिशेब

२०२५ च्या शेवटी रॅम आणि एसएसडीतली फ्लॅश मेमरी यांचे भाव जोरात चढले, त्यामुळे गेल्या वर्षीचं कोटेशन किंवा जुन्या व्हिडिओतले भाव बाजूला ठेवा. त्याच दिवशीचा सुट्या ड्राइव्हचा भाव बाजारात विचारून घ्या.

मग तुलना करा. हे आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा एकच संगणक १ टीबी हार्ड डिस्कसह ३६,००० ला आहे, ५१२ एनव्हीएमईसह ४१,००० ला आणि १ टीबी एनव्हीएमईसह ४७,००० ला. सुटा ५१२ चा बरा ड्राइव्ह ४,५०० ला आणि १ टीबीचा ७,५०० ला मिळतोय. पहिल्या दोन संगणकांत फरक ५,००० चा आणि सुटा ड्राइव्ह ४,५०० चा. ५१२ वाला घेतला तर हार्ड डिस्क जाते, पहिला घेऊन ड्राइव्ह बसवला तर तीही राहते आणि पाचशे रुपये वाचतात. ५१२ वरून १ टीबीवर जायला दुकान ६,००० मागतंय, पण सुट्या बाजारात तेवढ्याच वाढीला ३,००० पडतात. म्हणजे या दोन एनव्हीएमईवाल्यांत निवडायचं असेल तर ५१२ वाला घ्या आणि गरज पडेल तेव्हा दुसरा ड्राइव्ह बसवा.

पण हा हिशेब दुसरी जागा मोकळी असेल तरच जुळतो. त्यासाठी विचारायचे प्रश्न:

- एम डॉट टूच्या एकूण खाचा किती, मोकळी किती, आणि तिथे २२८० मावते की फक्त आखूड २२३०?
- साटाची मोकळी जोडणी, वीजपुरवठ्याची वायर आणि डिस्क बसवायची चौकट आहे का? काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर जोडणी असते, पण वीज द्यायची वायर खास त्याच कंपनीची लागते.
- एम डॉट टू भरली की साटाची एखादी जोडणी बंद पडते का? काही मदरबोर्डमध्ये पडते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.
- ड्राइव्ह बसवायला पेटी उघडली तर वॉरंटी राहते का? उत्तर लेखी घ्या.

६. पैसे देण्याआधी दुकानात करायची तपासणी

यात वीस मिनिटं जातात. संगणक तुमच्यासमोर सुरू करायला सांगा.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कवर जा. हार्ड डिस्क, एसएसडी की एनव्हीएमई, हे तिथेच दिसतं आणि वर मॉडेल नंबरही असतो. सांगितलेल्या नंबराशी तो अक्षर न् अक्षर जुळवा.

क्षमता कमी दिसली म्हणून घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ५१२ जीबी ४७६ दिसणार, २५६ ची २३८, १ टीबीची ९३१. त्याहून बरंच कमी दिसलं तर विचारा.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. तिथे चार गोष्टी पाहायच्या:

- *चालू तास.* नव्या ड्राइव्हवर शून्य ते दहा-वीस तास ठीक, विंडोज बसवताना आणि चाचणीत तेवढे होतात. शेकडो तास असतील तर ड्राइव्ह नवा नाही.
- *एकूण लेखन.* नव्या एसएसडीवर काही डझन जीबी असू शकतात. टेराबाइटमध्ये दिसले तर वापरलेला माल आहे.
- *ट्रान्सफर मोड.* डावीकडे आत्ताचा वेग, उजवीकडे ड्राइव्हची ताकद. साटात डावीकडे ३०० आणि उजवीकडे ६०० असेल तर जोडणी जुनी आहे किंवा वायर खराब आहे. एनव्हीएमईत डावीकडे दोन लेन आणि उजवीकडे चार असतील तर खाचच अर्ध्या वेगाची आहे. तिसऱ्या पिढीत मग १७०० एमबीच्या वर काही मिळणार नाही.
- *हार्ड डिस्कचे खराब सेक्टर.* रिअलोकेटेड आणि पेंडिंग या दोन ओळींचा कच्चा आकडा शून्य हवा. एकही असेल तर दुसरी डिस्क मागा. सीआरसी एरर (वाटेत माहिती चुकल्याच्या नोंदी) वाढलेले असतील तर दोष बहुधा वायरचा असतो.

हे आकडे पुसताही येतात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सर्व्हर-डिस्क चालू तास शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. म्हणून मोठ्या क्षमतेची हार्ड डिस्क घेताना सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकाच. नव्या डिस्कची वॉरंटी संपत आलेली दिसली तर ती घेऊ नका.

शेवटी क्रिस्टलडिस्कमार्क चालवा. दोनच आकडे वाचा: पहिल्या ओळीचा सलग वेग, आणि शेवटच्या ओळीचा, म्हणजे चार केबी, एक रांग, एक धागा, यातला वाचनाचा आकडा. शेवटच्या ओळीत हार्ड डिस्क १ च्याही खाली राहते, साटा एसएसडी २५ ते ४०, साधी एनव्हीएमई ४० ते ६० आणि चांगली त्याच्याही वर. यापेक्षा थोडं इकडेतिकडे चालेल. निम्मं आलं तर कारण विचारा.

पेनड्राइव्हवरून कॉपी करून वेग मोजण्याची चूक बरेच जण करतात. तो वेग पेनड्राइव्हचा असतो. फोल्डर आधी ड्राइव्हवर उतरवा, मग त्याच ड्राइव्हवर दुसऱ्या जागी कॉपी करा आणि आलेख पाहा. इतक्या कॉपीत रिकाम्या ड्राइव्हचा कॅशे भरेलच असं नाही, म्हणून क्यूएलसी पकडण्याचा खरा मार्ग मॉडेल नंबरच.

७. रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) संगणक घेत असाल तर

ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे डेस्कटॉप पैशाच्या मानाने चांगले असतात. पण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. त्याहून जुना घेऊ नका. ऑप्टिप्लेक्स ७०१० सारखे २०१२ च्या आसपासचे संगणक एनव्हीएमईवरून सुरूच होत नाहीत. विकत घेताना 'नई एसएसडी डाली है' असं सांगतात. ती बहुधा खरंच नवी असते, पण अनोळखी नावाची सर्वांत स्वस्त साटा. त्यापेक्षा जुनी डिस्क काढून संगणकाचा भाव कमी करून घ्या आणि एसएसडी तुमच्या पसंतीची, वेगळ्या बिलाने बसवून घ्या.

८. बिल आणि वॉरंटी

संगणक आणि सुटे भाग यांच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, शहरातल्या दुकानातून घेतला तर ९ केंद्राचे आणि ९ राज्याचे. 'कच्चे बिल पे कम हो जाएगा' या बोलण्याला मान देऊ नका. वाचलेले पैसे वॉरंटीच्या पहिल्याच वादात जातात. सांगा: "बिल पे एसएसडी का मॉडल और सीरियल नंबर लिख देना।"

हाती असायला हवेत ते कागद:

- दुकानाचा जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल, ड्राइव्हच्या मॉडेल आणि सीरियल नंबरसह
- असेंबल केलेल्या संगणकात प्रत्येक भागाचं खोकं आणि वॉरंटी कार्ड
- विंडोजचा परवाना कोणता आहे त्याची लेखी नोंद
- क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीचा, तारीख दिसेल असा, फोटो

वॉरंटी कोण देणार हे नीट समजून घ्या. असेंबल संगणकात ड्राइव्हची वॉरंटी ड्राइव्हच्या कंपनीची असते, एसएसडीला बहुधा तीन किंवा पाच वर्षं, साध्या हार्ड डिस्कला दोन. ब्रँडेड संगणकात आतल्या ड्राइव्हला त्याच्या कंपनीचा वेगळा आधार नसतो. सीरियल नंबर टाकला तर संगणकाच्या कंपनीकडे जा असं उत्तर येतं. त्या संगणकाची वॉरंटी एक वर्षाची असेल, तर ड्राइव्हचीही एकच वर्ष. दोन संगणकांच्या किमती तोलताना हा फरक पैशात धरा.

वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळतो, त्यातली माहिती मिळत नाही. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच.

९. घरी आणल्यावर पहिला आठवडा

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलात की ड्राइव्ह बहुधा आपोआप कुलूपबंद होतो. त्याची रिकव्हरी की लगेच कागदावर उतरवून ठेवा. मदरबोर्ड बिघडून ड्राइव्ह दुसरीकडे लावायची वेळ आली तर तिच्याशिवाय काहीही उघडणार नाही.

दुकानात वेळ नव्हता ती लांब चाचणी आता करा. २० जीबीच्या फोल्डरच्या पाच-सहा प्रती एकामागून एक करा आणि वेग कुठे कोसळतो ते पाहा. लगेच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तापमान बघा. इंदूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि ग्राफिक्स कार्डाखालची एम डॉट टू पट्टी ७०-८० अंशांवर गेली की स्वतःच वेग कमी करते. अशा ठिकाणी पातळ हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) बसवून घ्या. हार्ड डिस्क ५० च्या वर सतत राहत असेल तर पेटीत हवा खेळत नाही, पुढचा पंखा बसवा. संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नका. वीज अचानक गेल्याने अर्धवट लिहिलेली माहिती बिघडते, म्हणून डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावा.

काही गडबड दिसली तर त्याच आठवड्यात बिल, फोटो आणि पेटी घेऊन दुकानात जा. महिना गेल्यावर दुकानदार सेवा केंद्राचा रस्ता दाखवतो. बिलावर लिहिलेला मॉडेल नंबर आणि आत निघालेला नंबर वेगळे असूनही दुकान ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार सांगताना बिल क्रमांक, तारीख, दोन्ही मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर समोर ठेवा.